पाण्याच्या नळीतली रेघ

कानबाईचं विसर्जन झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी आमच्या केळीत पहिली बाटली टांगली. पाण्याची रिकामी बाटली, वरचा भाग कापून उलटा आत बसवलेला, तळाशी काळं पडलेलं केळं आणि बेकरीवाल्याकडून आणलेल्या यीस्टची चिमूट. यंदाची मृगबाग अजून गुडघ्याएवढी होती, तिथे चिलटं कशाला येतील? म्हणून बाटली बांधली ती शेजारच्या तुकड्यात, जिथे कटाई होऊन गेली होती आणि नाकारलेल्या फण्या खोडांपाशी सडत पडल्या होत्या. आप्पा ठिबकच्या नळ्या गुंडाळत होते. "काय पकडी राहिली गं?" त्यांनी विचारलं. चिलटं म्हटल्यावर पुढचा प्रश्न लगेच आला, "हरण्याचं आहे का काही?"

आमच्या यावल-रावेर पट्ट्यात कोणी केळीच्या पानाकडे वाकून पाहिलं की पहिला प्रश्न हरण्याचाच असतो. पण हरण्या, म्हणजे कुकुंबर मोझॅक, हा विषाणू; तो मावा पसरवतो. मी शोधत होते तो जिवाणू, आणि तो पिकात नसतो, किड्याच्या पेशींच्या आत राहतो. वोल्बाकिया त्याचं नाव. केळीला त्याचा त्रास नाही, माणसालाही तो लागत नाही. "मग शोधायचा कशाला?" आप्पांचा हा प्रश्न मला एम.एस्सी.च्या तोंडी परीक्षेपेक्षा अवघड गेला.

मी त्यांना ट्रायकोकार्डांची आठवण करून दिली. कपाशीच्या पानाला मागून टाचतो ती. त्या कार्डावरच्या अंड्यांतून ट्रायकोग्रामा नावाचे, डोळ्याला जेमतेम दिसणारे मित्रकीटक निघतात आणि बोंडअळीच्या अंड्यांत आपली अंडी घालतात. या ट्रायकोग्रामाच्या काही वाणांत पिढ्यान् पिढ्या फक्त माद्याच जन्मतात, नराशिवाय. १९९० मध्ये संशोधकांनी अशा माद्यांना प्रतिजैविक खाऊ घातलं आणि त्यांना नर होऊ लागले. नर थांबवून ठेवणारा हा वोल्बाकियाच होता. तो आईच्या अंड्यातून पुढच्या पिढीत जातो, बापाकडून जात नाही. म्हणून काही जातींत तो नर अंड्यातच मारतो, काहींत नराची मादी करून टाकतो. डासांत त्याची रीत आणखी वेगळी: लागण झालेला नर आणि लागण नसलेली मादी यांची अंडी उबतच नाहीत. आप्पा नळी गुंडाळता गुंडाळता थांबले. "म्हणजे पोरगी झाली की त्याचं फावतं," म्हणाले. इतक्या थोडक्यात मला माझ्या प्रस्तावनेत सांगता आलं नव्हतं.

हा जिवाणू पहिल्यांदा दिसला १९२४ मध्ये, हर्टिग आणि वोल्बाक या दोघांना, क्युलेक्स डासात. पुढे १९३६ मध्ये हर्टिगने त्याला आपल्या सहकाऱ्याचं नाव दिलं. आज अंदाज असे आहेत की किड्यांच्या ४० ते ६५ टक्के जातींत तो कुठे ना कुठे सापडतो. आणि तरीही आपल्या घरामागच्या गटारीतल्या डासात तो आहे का, हे कोणी आपल्याला सांगत नाही. ते स्वतः पाहायचं, एवढीच माझी इच्छा होती.

किडे गोळा करणं सोपं वाटलं होतं. चिलटं बाटलीत दुसऱ्याच दिवशी आली. गटारीवरचे क्युलेक्स संध्याकाळी भिंतीवरून काचनळीने ओढून घेतले. कूलर उन्हाळ्यापासून अंगणात तसाच उभा होता आणि त्याच्या टबात पावसाचं पाणी साचलेलं. त्यातल्या अळ्या बरणीत घालून वर मच्छरदाणीचं कापड बांधलं, चार-पाच दिवसांत डास निघाले. पाठीवर वीणेच्या आकाराची पांढरी खूण, पायांवर पांढरे पट्टे: एडिस इजिप्ती. माझ्या मायने ती बरणी पाहिली आणि त्याच संध्याकाळी गल्लीतले सगळे कूलर पालथे करायला लावले. कपाशीतून ढालकिडे आणले, गच्चीवर दोरीला पांढरी चादर बांधून बल्ब लावला आणि पाखरं धरली, दोन मुंगळे घेतले.

पकडलेला किडा लगेच दारूत टाकायचा, म्हणजे ९५ टक्क्यांच्या वरच्या इथेनॉलमध्ये, आणि कुपी फ्रीजरला. वाळला किंवा सडला की त्याचा डीएनए तुटायला लागतो. इथे माझी पहिली चूक झाली. कुप्यांवर मी मार्करने लिहिलं होतं. एका पिशवीतली एक कुपी कलंडली, दारू झिरपली, आणि जळगावला प्रयोगशाळेत पोचून पाहते तर ११ कुप्यांवरची अक्षरं पुसून नुसते निळे डाग. कुठला डास गटारीचा, कुठला गच्चीवरचा, काही कळेना. ते ११ किडे बाजूला ठेवावे लागले. तेव्हापासून जाड कागदाची बोटाच्या नखाएवढी चिठ्ठी, तिच्यावर शिसपेन्सिलीने तारीख, जागा, क्रमांक, आणि ती चिठ्ठी कुपीच्या आत, किड्याजवळच. पेन्सिल दारूत विरघळत नाही. कुणी हे काम सुरू करणार असेल तर आधी शिसपेन्सिल घ्या.

प्रयोगशाळेतला पहिला टप्पा म्हणजे किड्यातून डीएनए काढणं. किडा आधी ताज्या दारूत आणि मग निर्जंतुक पाण्यात विसळायचा, अंगावरचे जिवाणू जावेत म्हणून. मोठा असेल तर फक्त पोट घ्यायचं, कारण वोल्बाकिया अंडाशयात दाटीने असतो. चिलट अख्खंच घ्यायचं. मग दीड मिलिलिटरच्या प्लास्टिकच्या नळीत ते टाकून तेवढ्याच निमुळत्या मुसळीने घोटायचं. सूक्ष्मदर्शकाखाली ज्याचे लाल डोळे आणि पोटावरचे पट्टे मी अर्धा तास पाहिले होते, त्या चिलटाचा अर्ध्या मिनिटात करड्या पाण्याचा थेंब झाला. मला त्या क्षणी जरा थांबावंसं वाटलं. परत मिळणार नाही अशी ती वस्तू होती, तिची नोंद आधी नीट झाली आहे ना, हे मी तेव्हापासून प्रत्येक वेळी पुन्हा तपासते.

घोटलेल्यात साबणासारखं द्रावण घालतात, ते पेशींची आवरणं फोडतं. प्रोटिनेज के नावाचं विकर प्रथिनं पचवतं, त्यासाठी नळी ५६ अंशांवर ठेवायची. मग ते सगळं एका बारीक गाळणीतून, कॉलममधून, सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे गरगर फिरवणाऱ्या यंत्रात, फिरवायचं. गाळणीतल्या सिलिकाला डीएनए चिकटतो, घाण खाली जाते, दारूमिश्रित द्रावणाने दोनदा धुवायचं आणि शेवटी थोड्याशा द्रावणात डीएनए सोडवून घ्यायचा. हाती येतं ते पाण्यासारखंच दिसतं. आत काही आहे की नाही, डोळ्याला कळत नाही, आणि या कामातला सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

कारण पुढचा टप्पा पीसीआर. किड्याच्या आणि जिवाणूच्या मिसळलेल्या डीएनएतून आपल्याला हवा तेवढाच तुकडा शोधून त्याच्या प्रती काढायच्या. कुठून कुठपर्यंत काढायच्या हे प्रायमर, म्हणजे डीएनएचे छोटे तयार तुकडे, ठरवतात. आमच्याकडे दोन जोड्या होत्या. एक वोल्बाकियाच्या १६एस जनुकाची, तिचा तुकडा ४३८ बेसपेअर लांबीचा (डीएनएची लांबी या जोड्यांत मोजतात). दुसरी किड्याच्या स्वतःच्या सीओ-१ जनुकाची, तिचा साधारण ७१० चा. मिश्रण ९४ अंशांवर तापवलं की डीएनएचे दोन धागे सुटतात, ५५ ला आणलं की प्रायमर आपापल्या जागी बसतात, ७२ ला टॅक नावाचं विकर नवा धागा विणतं. हे विकर गरम झऱ्यातल्या जिवाणूचं, म्हणून इतकी उष्णता सोसतं. अशा ३० फेऱ्या. प्रत्येक फेरीला दुप्पट म्हणजे हिशेबाने एका तुकड्याचे शंभर कोटींच्या वर.

हे शंभर कोटी नीट लक्षात ठेवायला हवे होते. मी ठेवले नाहीत.

पहिल्या खेपेला सहा किडे घेतले: दोन क्युलेक्स, दोन एडिस, दोन चिलटं. प्रत्येकाच्या दोन नळ्या. सोबत ज्यात वोल्बाकिया नक्की आहे असा एक नमुना आणि किड्याच्या डीएनएऐवजी नुसतं पाणी घातलेली एक नळी, दोन्ही प्रायमरांना. २२ व्या फेरीला वीज गेली, यूपीएस दहा मिनिटांत बसला, सगळं फेकून दुसऱ्या दिवशी पुन्हा लावलं. मग जेल, डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करायला. दोन टक्के अॅगारोजची पूड बफरमध्ये उकळून साच्यात ओतलं, कंगवा लावला. गोठल्यावर दिसतं ते पातळ साबुदाण्याच्या खिरीच्या सायीसारखं. निळा रंग मिसळलेला नमुना एकेका खाचेत सोडताना श्वास रोखून धरावा लागतो. पिपेटचं टोक जरा खाली गेलं की खाच फाटते. डीएनए ऋणभारित, तो काळ्या तारेकडून लाल तारेकडे सरकतो. लहान तुकडे पुढे पळतात, मोठे मागे रेंगाळतात. १०० व्होल्टवर पाऊण तास.

खोलीतला दिवा बंद करून जेल प्रकाशपेटीवर ठेवलं. सहाच्या सहा किड्यांच्या रांगेत ४३८ च्या जागी चमकदार रेघ. मी आनंदाने प्रयोगशाळेतल्या मॅडमना हाक मारली. त्या आल्या, त्यांनी किड्यांकडे पाहिलंच नाही. त्यांची नजर सरळ शेवटच्या रांगेकडे गेली, पाण्याच्या. तिथेही रेघ होती. इतरांएवढी ठळक नव्हती, पण होती.

पाण्यात वोल्बाकिया नसतो. म्हणजे ती रेघ मीच आणलेली होती, आणि जर पाण्यात मी आणली तर त्या सहा किड्यांतल्या कुठल्या रेघा त्यांच्या आणि कुठल्या माझ्या, हे सांगायला माझ्याकडे काहीच नव्हतं. आदल्या आठवड्यात खात्रीच्या नमुन्यावर सराव म्हणून मी तीन-चार वेळा पीसीआर केलं होतं, त्याच टेबलावर त्या नळ्या उघडल्या होत्या, तीच पिपेट वापरली होती. एका नळीत शंभर कोटींवर प्रती; झाकण उघडताना डोळ्याला न दिसणारा तुषार उडाला तरी त्यात लाखो असणार. मी रडकुंडीला आले होते. मॅडम एवढंच म्हणाल्या, "पाण्याची नळी लावली होती म्हणून कळलं. नसती लावली तर हे सहाच्या सहा तू लिहून मोकळी झाली असतीस."

रात्री घरी फोनवर हे सांगितलं तर आप्पांना समजावून द्यावं लागलं नाही. कपाशीवर नवीन औषध मारायचं असलं की ते दोन सऱ्या मुद्दाम कोऱ्या सोडतात. सगळ्या शेतावरचा मावा गेला आणि कोऱ्या सऱ्यांवरचाही गेला, तर तो पावसाने गेला, औषधाने नाही. दुकानदाराला ते हेच ऐकवतात.

पुढचे दोन आठवडे नुसत्या साफसफाईत गेले. मिश्रण बनवायची जागा वेगळ्या खोलीत नेली. पिपेटी वेगळ्या, टोकं गाळणीची, पाणी नवीन आणि छोट्या छोट्या नळ्यांत वाटून ठेवलेलं, म्हणजे एक खराब झाली तर एकच जाईल. पीसीआर झालेली नळी त्या खोलीत परत न्यायची नाही, अंगावरचा कोटसुद्धा नाही. फक्त पाण्याच्या नळ्या लावून जेल चालवलं. चार नळ्या, चारही कोऱ्या. कोऱ्या जेलचा इतका आनंद होईल असं कधी वाटलं नव्हतं.

दुसरी खेप. पाणी कोरं. क्युलेक्समध्ये दोन्ही रेघा ठळक. एडिसमध्ये ७१० ची रेघ आहे, ४३८ ची नाही. तीन ढालकिड्यांत ४३८ ची नाही. मी वहीत लिहिलं: ढालकिडा १, २, ३: नाही. मॅडमनी लाल पेनाने तिन्ही "नाही" खोडले आणि समोर लिहिलं, "७१० कुठे आहे?"

मी पुन्हा जेलचा फोटो पाहिला. ढालकिड्यांच्या रांगांत ७१० चीही रेघ नव्हती. म्हणजे या नळ्यांत ढालकिड्याचा स्वतःचा डीएनएच सापडला नव्हता. ढालकिडा होता हे तर मला माहीत होतं, मीच तो घोटला होता. ज्या चाचणीला समोरचा अख्खा किडा दिसत नाही तिला त्याच्या पेशीतला जिवाणू दिसला नाही, यावर "नाही" कसं लिहायचं? एडिसचं "नाही" खरं होतं कारण तिथे ७१० ची रेघ साक्षीला होती. ढालकिड्याच्या "नाही" ला साक्षच नव्हती. दोन्ही ठिकाणी जागा रिकामीच दिसते, आणि मी दोन्हींना एकच शब्द वापरला होता. या सबंध वर्षात मी जे शिकले त्यातलं सगळ्यात मोठं हे. आपल्याकडे रक्ताचा, पाण्याचा, मातीचा रिपोर्ट हातात पडला की आपण "निगेटिव्ह" एवढा शब्द वाचतो आणि घडी घालतो. त्या निगेटिव्हच्या बाजूला कोणती साक्षीची रेघ होती, हे विचारायचं मला आधी कधीच सुचलं नव्हतं. आता सुचतं, आणि मी विचारते.

ढालकिड्यांचं काय बिघडलं होतं ते शोधायला चार दिवस गेले. एक तर धुवायच्या द्रावणातली दारू कॉलममध्ये राहत होती. ती पीसीआर अडवते. कॉलम रिकाम्या नळीवर ठेवून आणखी दोन मिनिटं फिरवायला लागले. दुसरं, ढालकिडा रंगीत, कडक पाठीचा, घोटला की तपकिरी पाणी होतं आणि ते रंग, ती घाण विकराला काम करू देत नाही. यावरचा उपाय आधी मला पटला नाही: डीएनए दहापट पातळ करायचा. कमी घातला तर जास्त कसं दिसेल? पण डीएनएसोबत घाणही दहापट पातळ होते, आणि ३० फेऱ्यांना थोडाही डीएनए पुरतो. तसं केलं. तिघांचीही ७१० ची रेघ आली. आणि तिसऱ्या ढालकिड्यात ४३८ चीही आली. वहीतलं ते खोडलेलं "नाही" मी अजून तसंच ठेवलं आहे.

शेवटी २४ किडे तपासून झाले. ९ मध्ये आहे, १३ मध्ये नाही, आणि दोन पाखरांची ७१० ची रेघ काही केल्या आली नाही, त्यांच्यापुढे "सांगता येत नाही" असं लिहिलं. क्युलेक्स पाचपैकी पाच. एडिस चारपैकी एकही नाही. २४ किड्यांवरून खानदेशाबद्दल काही बोलायचा मला अधिकार नाही, पण एडिस इजिप्तीत हा जिवाणू निसर्गतः नसतो हे जगभर माहीत आहे, आणि डेंग्यूविरुद्धचा एक मोठा उपाय त्यावरच उभा आहे. तिथे तो मुद्दाम घातला जातो, कारण तो असलेल्या डासात डेंग्यूचा विषाणू नीट वाढत नाही. इंडोनेशियात योग्यकर्ता शहरात असे डास सोडले तिथे डेंग्यू ७७ टक्के कमी आढळला. तो निष्कर्ष २०२१ मध्ये छापून आला. पुदुच्चेरीच्या व्हेक्टर कंट्रोल रिसर्च सेंटरने २०२२ मध्ये आपल्याकडच्या एडिसचे असे वाण तयार केल्याचं जाहीर केलं. योग्यकर्त्यात वापरलेला वोल्बाकियाचा वाण मुळात चिलटातला. मायला हे सांगितलं. मागच्या वर्षी आमच्या गल्लीत डेंग्यूचे तीन पेशंट होते. ती म्हणाली, "मग बाटली पुन्हा टांग ना केळीत."

चिलटांचंच अजून अडलं आहे. सहापैकी तिघांत दोन्ही रेघा आल्या, पाणी कोरं, सगळं नियमात. पण ती तिन्ही ड्रॉसोफिला अनानासी या जातीची दिसतात, आणि या जातीबद्दल २००७ मध्ये एक विलक्षण गोष्ट प्रसिद्ध झाली आहे: हवाईतल्या अशा चिलटांमध्ये वोल्बाकियाचा जवळजवळ सगळा डीएनए किड्याच्या स्वतःच्या गुणसूत्रात जाऊन बसलेला सापडला. जिवाणू औषधाने मारला तरी पीसीआरला रेघ येतच राहते. म्हणजे माझी ४३८ ची रेघ जिवंत जिवाणूची आहे की किड्याच्या गुणसूत्रात उरलेल्या त्याच्या डीएनएची, हे जेल सांगू शकत नाही. "नाही" ला साक्ष लागते तशी इथे "आहे" लाही लागणार.

म्हणून त्याच बागेतून नवी चिलटं आणली आहेत. निम्म्या बाटल्यांत साधं खाद्य, निम्म्यांत टेट्रासायक्लिन घातलेलं, दोन पिढ्या. मग दोन पिढ्या औषधाशिवाय, आणि मग चाचणी. दुसरा रस्ता बापाचा: औषध दिलेली, रेघ न येणारी मादी मिळाली तर तिच्यासोबत रेघ येणारा नर ठेवायचा. जिवाणू बापाकडून जात नाही, गुणसूत्र जातं. पिल्लांत रेघ आली तर ती गुणसूत्राची. बाटल्यांवर मार्करचं एक अक्षरही नाही. पेन्सिलीच्या चिठ्ठ्या आतल्या बाजूने काचेला चिकटवल्या आहेत. औषधाच्या चार नंबरच्या बाटलीत परवा काचेवर कोष चढलेले दिसले, २३ मोजले. थंडी वाढली आहे, त्यामुळे निघायला दोन-तीन दिवस जास्त लागतील.